प्रकाशावर चालणारे बायोसेन्सर आणि कॅन्सरचे मार्कर: बातम्या भरपूर, मग गाडी अडते कुठे?

गवतफूल

दर थोड्या दिवसांनी एक बातमी हमखास येते. रक्ताचा एक थेंब, काही मिनिटं, प्रकाशावर चालणारी इवलीशी चिप आणि कॅन्सरचं निदान. बातमीखाली अभिनंदनाचा पाऊस पडतो. पुढे त्या चिपचं काय झालं ते कुणीच सांगत नाही, तोवर दुसरी चिप आलेली असते.

मला या बातम्या चाळून सोडून देता येत नाहीत. बहिणीच्या अंडाशयाच्या कॅन्सरवरचे उपचार पूर्ण झालेत आणि आता ठरावीक काळाने सीए-१२५ ची (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची, म्हणजे मार्करची) तपासणी असते. रक्त दिल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत घरात कुणाचंच कशात लक्ष लागत नाही. मिनिटांत आकडा सांगणारं यंत्र खरोखर असेल तर ते आम्हाला हवंच आहे. म्हणून मूळ शोधनिबंध वाचायला घेतले, पण तिसऱ्या-चौथ्या ओळीपुढे काही कळेना.

माझे प्रश्न दोनच आहेत. प्रकाशाला रक्तातलं एखादं प्रथिन 'कळतं' म्हणजे नेमकं काय होतं? आणि हे सेन्सर सांगतात तितके संवेदनशील असतील तर आजही नळी भरून रक्त लॅबला का पाठवावं लागतं?

वैद्यकीय सल्ला मागत नाहीये, त्यासाठी आमच्या डॉक्टर आहेत. समजून घ्यायचंय, एवढंच.

तरंगलांबी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. पद्धती बऱ्याच आहेत, त्यातली सगळ्यात रुळलेली घेऊ: सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स, म्हणजे एसपीआर.

काचेच्या प्रिझमच्या एका बाजूवर साधारण ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर चढवतात. काचेच्या बाजूने त्यावर तिरका प्रकाश टाकला की जवळजवळ सगळा परत फिरतो. एका विशिष्ट कोनाला मात्र परतणारा प्रकाश एकदम अंधुक होतो, कारण त्या कोनाला त्याची ऊर्जा सोन्यातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या लाटेत जिरते. हा कोन नेमका कुठे येणार, हे सोन्याच्या पलीकडे काय आहे त्यावर ठरतं. पलीकडे नुसतं पाणी असलं तर एक कोन. तिथे प्रथिनाचे रेणू चिकटले की पृष्ठभागाजवळचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) किंचित वाढतो आणि कोन सरकतो. हे सरकणं अंशाच्या हजाराव्या भागाइतकं बारीक असलं तरी मोजता येतं.

यातली खुबी अशी की या लाटेचा प्रभाव सोन्यापासून जेमतेम २००-३०० नॅनोमीटरपर्यंतच पोचतो. त्यामुळे वरच्या द्रवात लांबवर काय तरंगतंय याचा फारसा फरक पडत नाही, पृष्ठभागाशी जे घडतं तेच मोजलं जातं.

१९६८ मध्ये ऑटो यांनी, आणि त्याच वर्षी क्रेट्शमान आणि रेथर यांनी, ही लाट प्रिझमने उठवून दाखवली. स्वीडनमधल्या लीडबर्ग, नायलँडर आणि लुंडस्ट्रोम यांनी १९८३ मध्ये तिचा सेन्सर केला आणि १९९० मध्ये 'बायाकोर' हे यंत्र बाजारात आलं. म्हणजे तंत्र अगदी नवीन आहे असं नाही.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. प्रकाशाला कॅन्सर दिसत नाही. त्याला इतकंच कळतं की सोन्यावर काहीतरी येऊन बसलं. ते काय असावं, हे सोन्यावर आधीच बसवून ठेवलेल्या अँटिबॉडीवर, म्हणजे ठरावीक रेणूच पकडणाऱ्या प्रथिनावर, अवलंबून असतं.

टिंबटिंब

म्हणजे प्रकाश नुसती हजेरी मांडतो, कुणाला आत घ्यायचं ते अँटिबॉडी ठरवते. बरोबर?

तरंगलांबी

@टिंबटिंब, अगदी बरोबर. आणि अँटिबॉडीने भलत्याला आत घेतलं तर हजेरीही भलत्याचीच लागते.

अबोली

मी याच विषयात पीएचडी करते, त्यामुळे या धाग्यावर आल्याशिवाय राहवलं नाही. तरंगलांबी यांनी छान समजावलंय. मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळते.

शोधनिबंधातला संवेदनशीलतेचा आकडा बहुतेक वेळा बफरमध्ये मोजलेला असतो. बफर म्हणजे स्वच्छ खारट पाणी, त्यात मोजून घातलेलं शुद्ध प्रथिन. तिथे आलेख फार देखणा येतो. नमुना सोडला की रेघ वर चढते, सपाट होते, बफरने धुतलं की हळूहळू उतरते. मग तुम्ही सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, सोडता. रेघ एकदम उंच उडी मारते आणि धुतल्यावरही पूर्ण खाली येत नाही. अँटिबॉडीचा यात काही संबंध नसतो, सीरममधली बाकीची प्रथिनं सोन्याला आणि जिथे जागा मिळेल तिथे चिकटलेली असतात.

प्रमाण बघा. रक्तात अल्ब्युमिन, म्हणजे तिथलं सगळ्यात मुबलक प्रथिन, दर मिलिलिटरला सुमारे ४० मिलिग्रॅम असतं. पीएसएची (प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी तपासतात त्या प्रथिनाची) नेहमीची सीमा आहे ४ नॅनोग्रॅम. म्हणजे हव्या असलेल्या प्रथिनाच्या, वजनाने पाहिलं तर, एक कोटी पट नको असलेला माल एकट्या अल्ब्युमिनचाच. अँटिबॉडी कितीही चोख असली तरी त्या गर्दीचा दहा लाखावा हिस्सा जरी पृष्ठभागाला चिकटला तरी तुमचा सिग्नल त्याखाली बुडतो. म्हणून आमचा निम्म्याहून जास्त वेळ प्रकाशात जात नाही, सोन्यावर कसला थर द्यावा यात जातो. थायॉलचा एकपदरी थर, त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल, मग अँटिबॉडी, मग उरलेल्या मोकळ्या जागा बुजवणं. अँटिबॉडी उलटी बसली आणि तिचे पकडायचे हात सोन्याकडे गेले तर ती असून नसल्यासारखी.

दुसरा त्रास तापमानाचा. पाण्याचा अपवर्तनांक एका अंशाला साधारण ०.०००१ ने बदलतो. चांगलं यंत्र ०.०००००१ इतका फरक ओळखतं, म्हणजे तापमान अंशाच्या शंभराव्या भागाइतकं हललं तरी यंत्राला वाटणार, रेणू आले. म्हणून शेजारी दुसरी वाट ठेवतात, तिच्यावर अँटिबॉडी नसते, आणि दोन्हींची वजाबाकी करतात. वजाबाकीने बरंच सुधारतं, पण सगळं नाही. आणि एखादा हवेचा बुडबुडा वाटेत शिरला तर त्या दिवसाचं काम गेलं असंच समजायचं.

टिंबटिंब

अंशाचा शंभरावा भाग! मला ताप आला तेव्हाही इतकी काळजी कोणी घेतली नव्हती.

भटक्या

अबोली, प्रतिसाद उत्तम आहे, पण मला तो जरा निराशेकडे झुकलेला वाटला. प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी हा प्रकाशाने वाचायचाच बायोसेन्सर आहे ना? सोन्याचे नॅनोकण, त्यांच्यावर अँटिबॉडी, आणि डोळ्यांना दिसणारी लाल रेघ. २० नॅनोमीटरच्या आसपासचे सोन्याचे कण ५२० नॅनोमीटरजवळचा हिरवा प्रकाश शोषतात म्हणून लाल दिसतात. फॅरेडेने १८५७ मध्येच असे लाल द्रव करून ठेवले होते. ती पट्टी लघवीवर चालते, तिला कसलंही तापमान-नियंत्रण लागत नाही आणि कोट्यवधी लोक ती वापरतात. मग कॅन्सरच्या मार्करला तीच रीत का चालू नये? मी इंजिनिअर आहे. माझ्या अनुभवात, एखादी गोष्ट एका ठिकाणी चालते म्हटल्यावर दुसरीकडे ती चालवणं हा चिकाटीचा प्रश्न असतो.

अबोली

भटक्या, पट्टीचं उदाहरण योग्यच आहे. ती इतकी चांगली चालते याची कारणं मात्र बघा. गरोदरपणात एचसीजी (ती पट्टी शोधते ते हार्मोन) काही दिवसांतच दुप्पट-दुप्पट होत जातं आणि गरोदर नसताना ते जवळपास नसतंच. प्रश्न 'आहे की नाही' इतकाच असतो. पीएसएच्या पट्ट्याही बनवल्या गेल्या आहेत. पण पीएसए निरोगी पुरुषातही असतं. तिथे 'आहे' या उत्तराचा उपयोग नाही, किती आहे आणि मागच्या वेळेपेक्षा किती वाढलंय हे हवं. डोळ्यांनी बघितलेल्या रेघेवरून ३.५ आणि ४.५ यातला फरक सांगता येत नाही.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. चर्चा यंत्राभोवती फिरतेय म्हणून थोडं मार्करबद्दल लिहितो. माझ्या मते गाडी तिथेच अडलेली आहे.

सीए-१२५ चा शोध १९८१ मधला, नेहमीची सीमा ३५ युनिट. ते अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढतं हे खरं, पण एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याच्या आजारात) वाढतं, पाळीच्या दिवसांत वाढतं, गरोदरपणात वाढतं. सीईए हा दुसरा एक मार्कर धूम्रपान करणाऱ्यांत मुळातच जास्त असतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी तपासतात त्या सीए १९-९ ची गंमत वेगळीच आहे: काही लोकांच्या शरीरात त्यासाठी लागणारा लुईस अँटिजेन नावाचा रेणू तयारच होत नाही, त्यांच्यात स्वादुपिंडाचा कॅन्सर कितीही पसरला तरी हा आकडा वाढत नाही. पीएसए प्रोस्टेटच्या साध्या वाढीनेही चढतं आणि सुजेनेही चढतं. आता तुमचा सेन्सर हजारपट संवेदनशील करा. तो हेच चढलेले आकडे हजारपट बारकाईने सांगेल.

एक हिशेब मांडतो, आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. एक लाख निरोगी वाटणारे लोक घ्या, त्यांतल्या १०० जणांना लपलेला कॅन्सर आहे. चाचणी ९० टक्के रुग्ण पकडते आणि ९५ टक्के निरोगींना बरोबर सोडते. कुणालाही वाटेल, छान चाचणी आहे. पण ती ९० रुग्ण पकडताना ४,९९५ निरोगी माणसांनाही पॉझिटिव्ह ठरवते. पॉझिटिव्ह आलेल्या शंभरांपैकी खरा कॅन्सर असणारे दोनही भरत नाहीत. बाकीच्यांना सोनोग्राफी, सीटी, बायॉप्सी, काहींना शस्त्रक्रियाही, आणि झोप उडते ती वेगळीच.

हे नुसतं कागदी गणित नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर यूकेसीटॉक्स नावाची मोठी चाचणी झाली. काहींचं दरवर्षी सीए-१२५, काहींची सोनोग्राफी, काहींचं काहीच नाही. २०२१ मध्ये अखेरचे निष्कर्ष आले. सीए-१२५ च्या गटात लवकरच्या टप्प्यातले कॅन्सर जास्त सापडले, तरी मृत्यू मात्र कमी झाले नाहीत.

निवृत्त_मास्तर

डॉक्टरसाहेब, आपलं गणित मान्य. त्या चार हजार नऊशे पंच्याण्णवांपैकी मी एक आहे. माझं पीएसए नेहमीच्या तपासणीत वाढलेलं आलं. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी रिपोर्ट हातात देताना 'बायॉप्सी करावी लागेल' एवढंच सांगितलं आणि ते पुढच्या पेशंटकडे वळले. घरी आलो तो सगळ्या कागदपत्रांची आवराआवर करायला बसलो. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी लघवी तपासायला सांगितली, जंतुसंसर्ग निघाला, औषध झालं आणि काही आठवड्यांनी पुन्हा केलेली तपासणी नॉर्मल आली.

असं असूनही 'तपासणी नको' या बाजूने मी नाही. माझ्या सख्ख्या मित्राला याच चाचणीने वेळेवर जाग आणली आणि तो आज माझ्याबरोबर फिरायला येतो. मला एवढंच म्हणायचं आहे की आकड्यासोबत माणसाला बसवून चार वाक्यं सांगणारं कुणी हवं. यंत्र मिनिटात आकडा देणार असेल तर ती चार वाक्यं मिनिटात कोण देणार, याचाही विचार शोध लावणाऱ्यांनी करावा.

गवतफूल

मास्तर, तुमचा प्रतिसाद वाचून घशाशी आलं. 'चार वाक्यं सांगणारं कुणी हवं' हे आमच्या घरात रोज जाणवतं.

मुक्ता

+१ मास्तरांना.

माझ्या आईच्या बाबतीतला एक अनुभव लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. तिचे सगळे मार्कर एकदा अचानक खूप खाली आले. आम्ही आनंदात. पण तिच्या डॉक्टरांना ते पटेना, स्कॅनशी जुळत नव्हतं. त्यांनी खोदून विचारलं की सध्या काय काय गोळ्या चालू आहेत. केस फार गळतात म्हणून आई कुणीतरी सुचवलेल्या बायोटिनच्या (एका जीवनसत्त्वाच्या) मोठ्या डोसच्या गोळ्या घेत होती. आम्हाला ते औषध वाटलंच नव्हतं, म्हणून कधी सांगितलंही नव्हतं. त्या बंद करून पुन्हा तपासलं तेव्हा आकडे मूळ जागी आले.

हे का होतं ते कुणी सांगेल का? तेव्हा डॉक्टरांना विचारायचं भानच नव्हतं.

सूक्ष्मदर्शी

मुक्ताताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. बऱ्याच चाचण्यांमध्ये अँटिबॉडीला बायोटिन जोडलेलं असतं आणि स्ट्रेप्टाविडिन नावाच्या प्रथिनाच्या पृष्ठभागावर ते घट्ट धरलं जातं. या जोडीइतकी चिवट पकड निसर्गात क्वचितच सापडते. रक्तातच मोकळं बायोटिन भरपूर असलं की ते आधी जाऊन त्या जागा अडवतं, अँटिबॉडीला जागाच उरत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. काही हार्मोनच्या चाचण्यांची रचना वेगळी असते, तिथे उलट आकडा खोटाच वाढतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त देताना केसांच्या, नखांच्या, 'शक्तीच्या' सगळ्या गोळ्या सांगाव्यात.

याचा एक भाऊबंद आहे, हुक इफेक्ट. मार्कर प्रचंड वाढला तर पकडणारी आणि दाखवणारी अशा दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंनीच भरून जातात, मधला सांधा जुळत नाही आणि आकडा पुन्हा खोटाच कमी दिसतो. शंका आली की नमुना पातळ करून परत तपासतात. पातळ केल्यावर आकडा वाढला तर समजायचं.

भटक्या

हे हुक इफेक्टचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

पण डॉक्टर, तुमचा सगळा रोख जुन्या मार्करवर आहे. प्रकाशाच्या सेन्सरांकडून मला आशा आहे ती नव्या गोष्टींसाठी. रक्तात फिरणारा ट्यूमरचा डीएनए, मायक्रोआरएनए (जनुकांचं काम आवरणारे छोटे रेणू), एक्झोसोम (पेशींनी बाहेर सोडलेल्या इवल्या पिशव्या). हे थेट ट्यूमरमधून येऊ शकतात. एक्झोसोम ३० ते १५० नॅनोमीटरचे, म्हणजे तरंगलांबींनी सांगितलेल्या त्या २००-३०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात अगदी चपखल बसणारे. २०१४ मध्ये बोस्टनच्या एका गटाने सोन्याच्या पत्र्याला नॅनोमीटरची भोकं पाडून त्यातून जाणाऱ्या प्रकाशाने एक्झोसोम ओळखले होते, तेही अंडाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या नमुन्यांत. गवतफूल, हे तुमच्याशी थेट संबंधित आहे.

अबोली

ते काम सुंदरच आहे, माझ्या आवडीच्या कामांपैकी एक. त्यात सीडी२४ आणि एपकॅम ही दोन प्रथिनं एक्झोसोमवर शोधली होती. पण नमुने पोटात साठलेल्या पाण्याचे होते. त्या पाण्यात ट्यूमरचे एक्झोसोम मुबलक असतात. पोटात पाणी झालेल्या रुग्णाचा आजार सहसा बराच पुढे गेलेला असतो, त्यामुळे त्यावरून 'लवकर निदान' म्हणता येत नाही. उपचार लागू पडतोय का, हे बघायला ते उपयोगी ठरू शकतं.

ट्यूमर डीएनएबद्दल मात्र 'एक थेंब' हा शब्द मला खटकतो. हिशेब करून बघू. बोटाला टोचून काढलेल्या मोठ्या थेंबातून फार तर २० मायक्रोलिटर प्लाझ्मा (पेशी वगळून रक्ताचा द्रव) निघेल. निरोगी माणसाच्या प्लाझ्मात मोकळा डीएनए मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम, आपण ५ धरू. म्हणजे थेंबात ०.१ नॅनोग्रॅम. एका नॅनोग्रॅममध्ये मानवी जीनोमच्या साधारण ३०० प्रती मावतात, म्हणून थेंबात झाल्या ३०. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ट्यूमरचा वाटा हजारात एकाहून कमी असू शकतो. तीस प्रतींमध्ये हजारातली एक कुठून शोधणार? यंत्र प्रत्येक रेणू ओळखणारं असलं तरी थेंबात तो रेणूच नाही. भरलेली नळी लागते ती त्यासाठी.

प्रथिनांचं गणित उलट आहे. तेवढ्याच २० मायक्रोलिटरमध्ये ४ नॅनोग्रॅमवालं पीएसए घेतलं तर दीडशे कोटी रेणू भरतात. तिथे थेंब पुरेसा आहे. म्हणजे 'एका थेंबात' हा दावा खरा की खोटा, हे कशाच्या शोधात आहोत त्यावर ठरतं.

भटक्या

हिशेब पटला, पण एक दुरुस्ती सुचवतो. एकच म्युटेशन शोधलं तर हे खरं. रुग्णाच्या ट्यूमरचा आधी पूर्ण अभ्यास करून त्यातली अनेक म्युटेशन एकाच वेळी शोधली तर प्रत्येक प्रतीत संधी वाढते. उपचारानंतरच्या देखरेखीसाठी हे केलं जातंच.

अबोली

हो, ते बरोबर आहे, आणि ती दिशा मलाही पटते. तरीही त्यासाठी नळीच लागते, थेंब नाही.

टिंबटिंब

थेंबाचं बोलताय म्हणून विचारतो, ते थेरानोस या अमेरिकी कंपनीचं प्रकरण याच प्रकारातलं होतं का?

सूक्ष्मदर्शी

तंत्र म्हणून ते प्रकाशाच्या सेन्सरांचं प्रकरण नव्हतं. दावा मात्र हाच होता, बोटाच्या थेंबातून शेकडो चाचण्या. संस्थापिकेला २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं गेलं. बोटातून दाबून काढलेल्या रक्तात आजूबाजूच्या ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि पेशीही फुटतात, हे प्रत्येक लॅबच्या माणसाला माहीत असतं. प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांनाही त्या प्रकरणाचा डाग लागला, याचं मला फार वाईट वाटतं.

अबोली

आम्हाला आजही प्रत्येक सादरीकरणात त्याबद्दल विचारतात.

तरंगलांबी

संवेदनशीलतेची मी थोडी बाजू घेतो, कारण ती निरुपयोगी आहे असा सूर लागतोय. २०१० मध्ये डेव्हिड वॉल्ट यांच्या गटाने 'डिजिटल एलायझा' प्रसिद्ध केली. एलायझा म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन पकडून मोजायची लॅबमधली नेहमीची रीत. चुंबकीय मणी, एका मण्यावर जास्तीत जास्त एकच रेणू बसेल इतके जास्त मणी, आणि प्रत्येक मणी फेम्टोलिटरच्या, म्हणजे अतिसूक्ष्म, स्वतंत्र खळग्यात. ज्या खळग्यात रेणू आहे तो चमकतो. मग तीव्रता मोजायचीच नाही, चमकणारे खळगे मोजायचे. त्यांनी ही चाचणी ज्यांचं प्रोस्टेट शस्त्रक्रियेने काढून टाकलंय अशा पुरुषांवर केली आणि नेहमीच्या चाचणीत 'काही नाही' असलेल्यांमध्ये पीएसए मोजून दाखवलं.

ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. प्रोस्टेटच नाही, म्हणजे साध्या वाढीमुळे आलेलं पीएसए नाही, सुजेचं नाही. पार्श्वभूमी शून्याजवळ आली. अशा ठिकाणी काही रेणू जरी सापडले तरी त्यांना अर्थ असतो. सूक्ष्मदर्शींचा आक्षेप सरसकट लोकांच्या तपासणीला लागू पडतो, उपचार झालेल्या माणसाच्या देखरेखीला तितका नाही. तिथे तुलना समाजाच्या सरासरीशी होत नाही, त्याच माणसाच्या कालच्या आकड्याशी होते.

सूक्ष्मदर्शी

सहमत. मी लिहिलं त्यापेक्षा हे नेमकं आहे. प्रकाशावर चालणारे नवे सेन्सर आधी देखरेखीत येतील, निदानात नंतर, असंच मला वाटतं.

आता गवतफूल यांच्या दुसऱ्या प्रश्नात राहून गेलेली एक गोष्ट. नळी लॅबमध्ये जाते तेव्हा तिथेही शेवटी प्रकाशच मोजतात! सीए-१२५ च्या बहुतेक यंत्रांत केमिल्युमिनेसन्स, म्हणजे रासायनिक क्रियेतून निघणारा प्रकाश, असतं. एका प्रकारात अँटिबॉडीला रुथेनियमचा एक संयुग-रेणू जोडलेला असतो. अँटिबॉडी, मार्कर आणि पुन्हा अँटिबॉडी असा जोड चुंबकीय मण्यावर तयार होतो, मणी इलेक्ट्रोडवर ओढून घेतात, बाकी सगळं धुऊन टाकतात, विजेचा दाब देतात आणि रुथेनियम ६२० नॅनोमीटरच्या आसपास नारिंगी-लाल चमकतं. ती चमक मोजली की आकडा. अबोलींनी सांगितलेला गर्दीचा प्रश्न इथे धुण्याने आणि दोन-दोन अँटिबॉडी वापरून सोडवलाय. प्रत्यक्ष चाचणी बहुधा वीस-पंचवीस मिनिटांत होते. बाकीचा वेळ नमुना पोचणं, रक्त गोठू देणं, यंत्राची रोजची खातरजमा, आणि आकडा बघून सही करणं यात जातो.

गवतफूल

हे मला अजिबात माहीत नव्हतं! म्हणजे मी ज्या चिपची वाट बघतेय तिचा मोठा भाऊ बहिणीचं रक्त आधीपासूनच तपासतोय.

मग एक पुढचा प्रश्न. मागच्या वेळी आम्ही दुसऱ्या लॅबमध्ये तपासलं आणि आकडा थोडा वाढलेला आला. डॉक्टर म्हणाल्या, पुढच्या वेळी पहिल्याच लॅबला द्या, मग बघू. त्या टाळतायत का अशी शंका मला तेव्हा आली होती.

सूक्ष्मदर्शी

त्यांनी अगदी योग्य सांगितलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या अँटिबॉडी सीए-१२५ च्या रेणूवरच्या वेगवेगळ्या जागा पकडतात, त्यामुळे एकाच रक्ताचा आकडा दोन यंत्रांवर वेगळा येतो. देखरेखीत पद्धत बदलायची नाही, आणि बदलावीच लागली तर दोन्हींवर एकदा तपासून नवीन सुरुवात धरायची. बऱ्याच रिपोर्टवर आकड्याखाली बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली असते.

मुक्ता

गवतफूल, घरी रोज मोजता येणारं यंत्र मिळालं तर घ्याल का? मी आईसाठी घेतलं असतं की नाही, ठरवता येत नाही. आकडा ३ ने वाढला तर रात्रभर जागायचं, २ ने उतरला तर देवाचे आभार. असं आमचं वर्ष गेलं असतं.

सूक्ष्मदर्शी

याला एक जड संदर्भ आहे. लिहावा की नाही असा विचार करत होतो, पण प्रश्न निघालाच आहे. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास आला. अंडाशयाच्या कॅन्सरचे उपचार संपलेल्या स्त्रियांमध्ये सीए-१२५ वाढताच लगेच केमो सुरू करायची, की लक्षणं येईपर्यंत थांबायचं, अशी तुलना होती. दोन्ही गटांच्या आयुष्यमानात फरक पडला नाही. आधी केमो घेणाऱ्यांचं रोजचं जगणं मात्र आधी बिघडलं. त्यानंतर औषधं खूप बदलली आहेत, पार्प इनहिबिटर नावाची नवी औषधं आली आहेत, त्यामुळे तो निष्कर्ष आज जसाच्या तसा लावू नये. पण लवकर कळलं की भलं होतंच असं धरून चालता येत नाही.

गवतफूल

डॉक्टर, बरं झालं लिहिलंत. वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही, पण माहीत असलेलं बरं.

मुक्ता, मी बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "मला रोजचा आकडा नको. पण ज्या दिवशी तपासायचं त्याच दिवशी, डॉक्टर समोर असताना कळला तर हवा." पाच दिवस वाट बघणं तिला आकड्यापेक्षा जास्त छळतं.

निवृत्त_मास्तर

आपल्या भगिनींनी नेमकं सांगितलं. तपासणीच्या खोलीतच यंत्र, आणि शेजारी डॉक्टर.

भटक्या

इंजिनिअर म्हणून मला हे फार कामाचं वाटतं. 'घरी, रोज, थेंबात, सगळे कॅन्सर' यापेक्षा 'ओपीडीत, अर्ध्या तासात, एकच मार्कर, ज्ञात रुग्ण' ही मागणी किती सोपी आहे! तापमान स्थिर ठेवता येतं, शिकलेला माणूस वापरणार, नळीभर रक्त मिळतं, आणि तुलना त्याच माणसाच्या मागच्या आकड्याशी. अबोली, तुमच्या सगळ्या अडचणींपैकी यात किती उरतात?

अबोली

चिकटणाऱ्या प्रथिनांची उरते, ती कायमचीच. आणि दुसरी, चिपागणिक होणारा फरक. तीन महिन्यांनी वापरलेली चिप पहिल्या चिपसारखीच वागली पाहिजे, नाहीतर आकडा रुग्णामुळे बदलला की चिपमुळे, हे कळणार नाही. दहा चिपा सारख्या करणं प्रयोगशाळेत जमतं. दहा हजार सारख्या करणं, त्यावरच्या अँटिबॉडी कित्येक महिने टिकवणं, यावर शोधनिबंध फारसे निघत नाहीत, कारण त्यात 'नवीन' काही नसतं. खरी मेहनत तिथे हवी आहे, आणि त्याला पैसा देणारे कमी आहेत.

गवतफूल, यापुढे अशी बातमी वाचाल तेव्हा आधी बघा की चाचणी बफरमध्ये झाली की खऱ्या रुग्णांच्या रक्तात. मग बघा की तुलनेला फक्त ठणठणीत माणसं घेतली होती की एंडोमेट्रिओसिससारखे दुसरे आजार असलेलेही. असे आजारी घेतले नसतील तर तो सेन्सर कॅन्सर ओळखतोय की नुसती सूज, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

टिंबटिंब

रामन परिणामावर चालणारे सेन्सर यात कुठे बसतात? त्यांना अँटिबॉडी लागत नाही असं वाचलंय.

तरंगलांबी

चांगला प्रश्न. रामन यांचा शोध १९२८ चा. रेणूवर आदळून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग वेगळी तरंगलांबी घेऊन बाहेर पडतो आणि त्यावरून रेणूतले बंध ओळखता येतात. हा भाग इतका क्षीण असतो की रक्तातल्या विरळ रेणूंसाठी उपयोग नव्हता. १९७४ मध्ये फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांना खडबडीत चांदीवर बसलेल्या रेणूंचा सिग्नल अनपेक्षितपणे मोठा मिळाला, आणि १९७७ मध्ये व्हॅन डाइन यांच्या गटाने दाखवलं की ही वाढ नुसतं क्षेत्रफळ वाढल्याने होत नाही. त्यालाच सर्स (पृष्ठभागामुळे वाढलेलं रामन विकिरण) म्हणतात. अँटिबॉडीशिवाय सीरमचा पूर्ण ठसा घेता येतो हे खरं. पण तो ठसा हजारो रेणूंचा एकत्र असतो, आणि सिग्नल कुठे किती वाढणार हे चांदीच्या दोन कणांमधल्या एक-दोन नॅनोमीटरच्या फटीवर ठरतं. ती फट प्रत्येक चिपवर सारखी येत नाही.

अबोली

म्हणजे फिरून पुन्हा दहा हजार सारख्या चिपा.

तरंगलांबी

हो. म्हणून सर्सवालेही आता बऱ्याचदा अँटिबॉडी बसवलेले कण घेतात आणि रामनचा सिग्नल नुसता खूण म्हणून वापरतात. सविस्तर लिहायचं तर वेगळा धागा काढावा लागेल. या आठवड्यात काढतो, अबोली, चांदीच्या थरांचा भाग तुम्ही लिहाल का?

अबोली

लिहिते. खराब आलेल्या आलेखांचे फोटोही टाकते, ते शोधनिबंधांत कधी बघायला मिळत नाहीत.